खिडकी मिटली, थ्रेड चालूच: जावात कासरा कुठं अडकतो

पहाटे साडेतीनला फोन वाजला. काट्यावरचा पोरगा घाबरला होता. "मॅडम, काटा हालंना झालाय. स्क्रीन गपगार पडलीया. वीस-बावीस ट्रॉल्या थांबल्यात, लाईन फाट्याच्या पलीकडं गेलीया."

२०१६ च्या गळीत हंगामातली ही गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. शिवाजी उद्यमनगरातलं माझं दोन खोल्यांचं ऑफिस, शेजारी लेथचा आवाज, आणि जावा ८ मध्ये लिहिलेल्या स्विंगच्या (जावात खिडक्या बनवायची लायब्ररी) खिडक्या. तोडलेला ऊस ट्रॉलीत जितका वेळ उभा राहतो तितका वाळतो. वजन घटतं, आणि ती घट शेतकऱ्याच्या बिलात उतरते. म्हणून काटा अडकला की माझ्या पोटात आजही खड्डा पडतो. त्या रात्री पोराला फोनवरूनच कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. काटा सुरू झाला. पुढच्या रात्री साडेबाराला पुन्हा अडकला.

चूक माझ्या कोडमध्ये होती. नंतर माझ्याकडे शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कोडमध्ये मला ती दिसली आहे. ती कशी शोधायची आणि कशी काढायची ते इथं सांगते.

नेमकं काय होत होतं

गाडी काट्यावर चढली की नवी खिडकी उघडायची. तिच्यात गाडी नंबर, तोडणी चिठ्ठीचा नंबर, वाहतूकदाराचं नाव, कॅमेऱ्यातून आलेला गाडीचा फोटो आणि मोठ्या आकड्यात हलतं वजन. काट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर वजन सतत येत असतं. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं काम, ते वाचून ताजा आकडा सामाईक जागी ठेवायचा. इथवर ठीक. पण प्रत्येक खिडकी आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे तयार होतानाच, स्वतःचा आणखी एक थ्रेड सुरू करायची. तो दर २०० मिलिसेकंदांनी ताजा आकडा उचलायचा आणि लेबलवर टाकायचा. लूपची अट होती 'व्हाइल ट्रू', म्हणजे कायम फिरत राहा. वजन स्थिर झालं, स्लिप निघाली, खिडकी बंद झाली. थ्रेडला मात्र हे कुणी सांगितलंच नाही.

थ्रेड चालू राहिला की बंद खिडकीचा फोटोही मेमरीत पडून राहायचा. कसा ते पुढं सांगते. फोटो होता १९२० बाय १०८० पिक्सेल. त्यावर तारीख-वेळ छापण्यासाठी मी तो पिक्सेलला ४ बाइट लागतात अशा प्रकारात घेत होते. म्हणजे एका फोटोला ८२,९४,४०० बाइट, जवळजवळ ८ एमबी. हीपची, म्हणजे जावा आपल्या वस्तू ठेवतो त्या मेमरीची, मर्यादा २ जीबी. भागाकार केला की अडीचशेच्या आसपास गाड्या येतात. पाच मिनिटांना एक गाडी धरली तर हे वीस-एकवीस तास झाले. साडेतीनला चालू केलेला काटा साडेबाराला का पडला, याचा हिशोब इतका सरळ होता. ऑफिसात चाचणी घेताना मी पंधराच्या वर गाड्या कधी 'तोलल्या' नव्हत्या, म्हणून तिथं काही दिसलं नाही.

लॉगमध्ये ओळ होती, 'जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड'. जीसी म्हणजे गार्बेज कलेक्टर, मेमरी साफ करणारा जावाचा भाग. जावा ८ च्या पॅरलल जीसीत (त्याचा एक प्रकार) याचा अर्थ असा की जवळजवळ ९८ टक्के वेळ जीसीतच जातो आहे आणि त्यातून हीपचा २ टक्केही भाग सुटत नाही. मेमरी संपण्याआधी स्क्रीन गोठते ती यामुळे. प्रोग्राम मेलेला नसतो, झाडलोट करून करून दमलेला असतो.

जीसी 'वापर' बघत नाही

'जे वापरात नाही ते जीसी उचलतो' असं आपण सहज म्हणतो. त्या वाक्यानेच माझी दिशाभूल केली. एखादी वस्तू तुम्हाला पुढं लागणार आहे की नाही, हे जीसीला कळत नाही. तो काही ठराविक मुळांपासून निघतो, रेफरन्स, म्हणजे एका वस्तूनं दुसरीला धरलेले दुवे, धरून धरून चालत जातो, आणि जिथवर पोचता येईल ते सगळं जिवंत मानतो. उरलेलं उचलतो.

कारखान्याच्या आवारात बैलगाड्यांची रांग बघितली असेल तर मी कशी कल्पना करते ते समजेल. कासरा कुणाच्या तरी हातात आहे तोवर बैल कुणाचा तरी आहे. मालक झोपला असला, बैलाला आज काम नसलं, तरी तो बेवारस ठरत नाही. रेफरन्स म्हणजे कासरा. मुळं म्हणजे ज्यांचे हात पक्के आहेत अशी माणसं: लोड झालेल्या क्लासचे स्टॅटिक फील्ड (क्लासच्याच नावावर राहणारी व्हेरिएबल), जेएनआयमधून (जावाबाहेरच्या कोडमधून) धरलेले रेफरन्स, आणि प्रत्येक चालू थ्रेडचा स्टॅक (त्याच्या चालू मेथडची जागा).

यातलं तिसरं मूळ लक्षात राहत नाही. 'स्टार्ट' म्हटल्या क्षणापासून 'रन' संपेपर्यंत थ्रेडला जेव्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणारं यंत्र, स्वतः धरून असतं. तुमच्या व्हेरिएबलमध्ये त्याचा रेफरन्स असो वा नसो. झोपलेला थ्रेड, रिकाम्या रांगेवर वाट बघत बसलेला थ्रेड, कुलुपासाठी ताटकळलेला थ्रेड, हे सगळे चालूच धरले जातात.

माझ्या बाबतीत साखळी अशी होती. थ्रेडच्या हातात रनेबल, म्हणजे त्यानं करायचं काम. तो रनेबल मी अनामिक क्लास म्हणून खिडकीच्या आत लिहिला होता, त्यामुळे त्याच्या पोटात बाहेरच्या खिडकीचा छुपा रेफरन्स. खिडकीच्या हातात फोटो. एकही कडी मी मुद्दाम जोडलेली नव्हती. जावा १८ पासून कंपायलर हा छुपा रेफरन्स वापर नसेल तर गाळतो, पण माझा रनेबल खिडकीतल्या लेबलला हात लावत होता, तेव्हा त्या सुधारणेचाही मला उपयोग झाला नसता.

त्या दोन दिवसांत मी तीन उपाय करून बघितले. तिन्ही चुकीचे होते, आणि मुलं तेच आधी करतात म्हणून त्याच क्रमाने सांगते.

पहिला, खिडकी बंद झाली की तिचं व्हेरिएबल 'नल' करणं. यानं फक्त माझ्या हातातला कासरा सुटला. थ्रेडच्या हातातला तसाच राहिला.

दुसरा, दर गाडीनंतर 'सिस्टिम डॉट जीसी'. ही नुसती विनंती आहे, आणि मानली गेली तरी पोचता येणाऱ्या वस्तूला ती हात लावत नाही. काटा उलट आणखी अडखळायला लागला.

तिसऱ्या उपायावर जरा थांबते, कारण तो गैरसमज फार खोल रुजलेला आहे. मी थ्रेडला 'सेटडीमन ट्रू' केलं. डीमन म्हणजे मागं चालणारा, कमी महत्त्वाचा, गरज संपली की आपोआप जाणारा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. डीमनचा अर्थ एवढाच आहे की सगळे साधे थ्रेड संपले तर जेव्हीएम डीमन थ्रेडसाठी थांबून राहत नाही. प्रोग्राम बंद होण्याशी त्याचा संबंध, जीसीशी काडीचाही नाही. चालू डीमन थ्रेडसुद्धा तितकंच पक्कं मूळ आहे. शिवाय प्रोग्राम बंद होताना डीमन थ्रेड मध्येच तुटतो, त्याचा 'फायनली'चा भाग चालेलच असं नाही. स्लिपची नोंद फाइलमध्ये लिहिणारा थ्रेड डीमन केला तर अर्धी नोंद राहू शकते. वजनाच्या नोंदीत अर्धी ओळ म्हणजे एखाद्या माणसाच्या वर्षभराच्या उसाचा वाद. डीमन करताना हा विचार आधी करा.

साखळी कशी शोधायची

अंदाजानं कोड बदलू नका. आधी बघा कोण धरून आहे. मी तिसऱ्या दिवशी जेडीके (जावाची प्रोग्रामरसाठीची साधनं) पेनड्राइव्हवर घालून कारखान्यावर गेले, कारण काट्याच्या कॉम्प्युटरवर नुसतं जेआरई (प्रोग्राम चालवण्यापुरता जावा) होतं आणि जावा ८ च्या जेआरईमध्ये ही साधनं येत नाहीत. मळीच्या वासात, काटाघराच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे केलं.

आधी 'जेपीएस' चालवून प्रोसेसचा नंबर घ्या. मग 'जेसीएमडी', तो नंबर आणि 'थ्रेड डॉट प्रिंट'. सगळ्या थ्रेडची यादी येते. माझ्या यादीत 'थ्रेड-३', 'थ्रेड-४' असं करत दोनशेच्या वर सगळे एकाच ओळीवर झोपलेले. काट्यावर त्या वेळी उघडी खिडकी एकच होती. निदान तिथंच झालं, पण नावं पाहून कुठला थ्रेड कुठल्या गाडीचा ते कळत नव्हतं. तेव्हापासून मी थ्रेडला नाव दिल्याशिवाय सुरू करत नाही: 'वजन-दाखव', एक स्पेस, गाडीचा एमएच ०९ चा नंबर. या एका सवयीनं पुढं माझे कितीतरी तास वाचले.

त्यानंतर त्याच 'जेसीएमडी'ला 'जीसी डॉट क्लास हिस्टोग्राम' द्या. कुठल्या क्लासच्या किती वस्तू हीपमध्ये आहेत ते कळतं. ही आज्ञा मोजण्याआधी पूर्ण जीसी करते, म्हणून यादीत जे दिसतं ते खरोखर कुणीतरी धरलेलंच असतं. पूर्ण जीसीत प्रोग्राम थबकतो, तेव्हा गाडी काट्यावर चढलेली असताना हे करू नका.

शेवटी 'जीसी डॉट हीप डंप' करून फाइल घ्या आणि ती एक्लिप्स मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये, ज्याला सगळे मॅट म्हणतात, उघडा. मोठी वस्तू निवडून 'पाथ टू जीसी रूट्स' विचारा, त्यातही वीक आणि सॉफ्ट (ढिले धरलेले) रेफरन्स वगळणारा पर्याय घ्या. उत्तर सरळ ओळीत येतं: फोटो, त्याला धरणारी खिडकी, तिला धरणारा अनामिक क्लास, त्याला धरणारा थ्रेड. मी ती ओळ बघितली तेव्हा दोन रात्रींचा शीण एकदम उतरला.

पुढच्या वेळी रात्री जायला लागू नये म्हणून प्रोग्राम सुरू करतानाच 'हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर' हा पर्याय लावून ठेवा आणि डंपची जागाही सांगा. २ जीबी हीपचा डंप तेवढा मोठा होऊ शकतो, डिस्कवर जागा आहे ना ते बघा.

थ्रेड थांबवायचा कसा

कोण सुरू करतं, त्यापेक्षा कोण थांबवतं हे आधी ठरवा. मी आता मुलांना सांगते की 'स्टार्ट' लिहिण्याआधी 'स्टॉप'ची जागा दाखव. खिडकीनं थ्रेड सुरू केला असेल तर खिडकी संपताना तिनंच तो थांबवायचा.

स्विंगमध्ये इथं आणखी एक खाच आहे. 'जेफ्रेम', म्हणजे स्विंगची खिडकी, बंद करण्याचं बटण दाबलं की ती आपोआप फक्त लपते, नष्ट होत नाही. त्यासाठी 'डिस्पोज ऑन क्लोज' सांगावं लागतं. मग 'विंडोक्लोज्ड' ही घटना येते, आणि थ्रेड थांबवायची जागा ती.

थांबवायला दोन गोष्टी लागतात. एक 'व्होलाटाइल' बूलियन, जो लूपच्या अटीत तपासला जातो. 'व्होलाटाइल' विसरलात तर दुसऱ्या थ्रेडनं केलेला बदल या थ्रेडला कधीच दिसणार नाही अशी शक्यता राहते. ऑफिसच्या मशीनवर दिसेल, काट्यावर दिसणार नाही. दुसरी गोष्ट 'इंटरप्ट', म्हणजे झोपेत असलेला थ्रेड लगेच उठतो. उठताना तो 'इंटरप्टेडएक्सेप्शन' टाकतो. ते पकडून गिळून टाकू नका. लूप सोडून बाहेर या, आणि तुमचं कोड दुसऱ्या कुणाच्या थ्रेडवर चालत असेल तर चालू थ्रेडवर पुन्हा 'इंटरप्ट' करून खूण परत ठेवा, म्हणजे वरच्यालाही कळेल.

पोर्ट किंवा सॉकेटवर वाचत अडकलेला थ्रेड साध्या 'इंटरप्ट'नं उठत नाही. तिथं वाचनाला टाइमआउट द्या, नाहीतर पोर्टच बंद करा. आणि 'थ्रेड डॉट स्टॉप'कडे वळू नका. कित्येक वर्षं ती पद्धत धोक्याची म्हणून बाजूला ठेवलेली होती, जावा २० मध्ये तर ती नुसतं एक्सेप्शन टाकणारी झाली.

खिडकीगणिक थ्रेड हीच मुळात माझी चूक होती. एका थ्रेडचा स्टॅक ६४ बिट मशीनवर सहसा १ एमबी राखून ठेवतो, तोही हीपच्या बाहेर. आता सगळ्या खिडक्यांसाठी मिळून एकच 'शेड्यूल्डथ्रेडपूलएक्झिक्युटर' आहे, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारा थ्रेडचा सामाईक पूल. खिडकी उघडताना त्याला काम देते, तो 'शेड्यूल्डफ्यूचर' परत देतो, खिडकी तो जपून ठेवते आणि बंद होताना त्यावर 'कॅन्सल' करते. काम चालताना एक्सेप्शन बाहेर पडलं तर हा एक्झिक्युटर पुढच्या फेऱ्या गुपचूप बंद करतो. वजन गोठतं आणि लॉगमध्ये काहीच दिसत नाही. म्हणून कामाच्या आत सगळं पकडून लॉग करा.

रद्द केलेलं कामही धरून बसतं

एवढं केल्यावर मला वाटलं सुटले. पुढच्या हंगामात मेमरी पुन्हा चढायला लागली, पण हळूहळू. याचं कारण मला सर्वांत जास्त शिकवून गेलं.

भरलेली गाडी तोलली की ऊस उतरवून ती रिकामी परत काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे उसाचं वजन. कधी गाडी रिकामं वजन न करताच निघून जाते. म्हणून मी भरती वजनाच्या वेळीच १२ तासांनंतरचं एक काम लावून ठेवायचे: तोवर रिकामं वजन झालं नसेल तर काटा क्लार्कला कळवायचं. रिकामं वजन झालं की काम रद्द. रद्द तर बरोबर होत होतं. पण हा एक्झिक्युटर रद्द केलेलं काम लगेच रांगेतून काढत नाही. त्याची वेळ येईपर्यंत ते तिथंच पडून राहतं, आणि त्यानं धरलेलं सगळंही. गाडी दोन तासांत घरी गेलेली, तिचा फोटो मात्र उरलेले दहा तास हीपमध्ये मुक्कामाला.

उपाय एका ओळीचा आहे: 'सेटरिमूव्हऑनकॅन्सलपॉलिसी ट्रू'. जावा ७ पासून ही सोय आहे. पण खरा उपाय कामानं काय धरायचं हा. त्या कामाला गाडीची पूर्ण नोंद कशाला हवी होती? चिठ्ठीचा नंबर पुरेसा होता, वेळ आली की डेटाबेसमधून बाकीचं काढता येतं. मी दोन्ही केलं.

लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेली बिननावाची मेथड, लिहिताना हेच बघा. लॅम्डाच्या आत खिडकीचं एखादं फील्ड किंवा तिची मेथड वापरली की लॅम्डा अख्खी खिडकी धरतो, फील्ड नुसता एक पूर्णांक असला तरी. आधी तो पूर्णांक लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लॅम्डात ते लोकल वापरा. मग फक्त आकडा धरला जातो. दिसायला क्षुल्लक बदल, पण माझ्या ८ एमबीचा प्रश्न इथंच सुटत होता.

एक्झिक्युटर बंद करतानाही १२ तासांच्या कामानं मला गाठलं. 'शटडाउन' केल्यावर दर थोड्या वेळानं फिरणारी कामं आपोआप थांबतात. पण पुढच्या वेळेला एकदाच व्हायची कामं आपोआप रद्द होत नाहीत, ती होईपर्यंत एक्झिक्युटर जिवंत राहतो. प्रोग्राम बंद केला तरी प्रोसेस जाईना, कारण तेच. क्रम असा ठेवा: 'शटडाउन', मग 'अवेटटर्मिनेशन' ५ सेकंद, तेवढ्यात संपलं नाही तर 'शटडाउननाउ'. जावा १९ पासून एक्झिक्युटर 'ट्राय'च्या कंसात घेता येतो आणि 'क्लोज' आपोआप होतं, पण ते 'क्लोज' कामं संपेपर्यंत थांबतं. तुमच्या रांगेत १२ तासांचं काम असेल तर तेही १२ तास थांबेल.

थांबवणारा कुणी नसेल तेव्हा

वजन दाखवणारा भाग मी नंतर वेगळी लायब्ररी करून दुसऱ्या काट्यांनाही दिला. तिथं खिडकी लिहिणारा 'बंद' करायला विसरला तर माझा इलाज चालत नाही. अशा वेळी 'वीकरेफरन्स' कामाला येतो. कासरा हातात न घेता बैलावर नुसती नजर ठेवायची. काम स्टॅटिक आतल्या क्लासमध्ये लिहा, म्हणजे छुपा रेफरन्स राहत नाही. त्याला खिडकीचा वीकरेफरन्स द्या. प्रत्येक फेरीत 'गेट' करा. 'नल' आलं तर खिडकी गेली, कामानं स्वतःला रद्द करावं.

'व्हाइल' लूपमध्ये हे करताना जपा. 'गेट' करून मिळालेली खिडकी लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवून तसंच झोपलात, तर झोपेच्या काळात तुमच्या स्टॅकवर पक्का रेफरन्स राहू शकतो. 'गेट' आणि वापर एका छोट्या मेथडमध्ये टाका, झोप तिच्या बाहेर. आणि हा जाळीसारखा वापर आहे, रोजची वाट नव्हे. वीकरेफरन्स कधी 'नल' होईल ते जीसी ठरवतो. तोवर थ्रेड फिरतच राहतो.

याच्या उलट फसगतही मी केली आहे. 'वजन बदललं की कळवा' म्हणणाऱ्यांची यादी मी हौसेनं सगळी वीकरेफरन्सची केली. खिडकी नोंदणी करतानाच जागेवर लॅम्डा लिहून द्यायची. त्या लॅम्डाला पक्कं धरणारं दुसरं कुणीच नव्हतं. पहिला जीसी झाला की लॅम्डा गेला, आणि उघड्या खिडकीतलं वजन हलायचं थांबलं. लॅम्डा खिडकीच्या फील्डमध्ये ठेवायचा आणि मग नोंदवायचा, म्हणजे खिडकी आहे तोवर तोही राहतो.

'फायनलाइझ'वर, म्हणजे जीसी वस्तू उचलण्याआधी बोलावतो त्या मेथडवर, काही बेतू नका. जावा ९ मध्ये ते नापसंत ठरलं, १८ मध्ये काढून टाकण्याच्या यादीत गेलं. पोर्टसारखी वस्तू सुटायची असेल तर आधी 'ऑटोक्लोजेबल', आणि राहिलंच तर शेवटची जाळी म्हणून जावा ९ चा 'क्लीनर'. क्लीनरला दिलेल्या कामानं मूळ वस्तूला कुठूनही धरता कामा नये. कन्स्ट्रक्टरमध्ये लॅम्डा लिहून त्यात स्वतःचं फील्ड वापरलं की वस्तू क्लीनरच्याच हाती अडकते आणि सफाई कधीच होत नाही. पुन्हा तोच छुपा कासरा.

पूलमध्ये 'थ्रेडलोकल' (प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी किंमत देणारं व्हेरिएबल) वापरत असाल तर काम संपताना 'फायनली'मध्ये 'रिमूव्ह' करा. थ्रेडच्या आतल्या नकाशात किल्ली वीक असते, पण किंमत पक्की धरलेली असते, आणि पूलचा थ्रेड मरत नाही. माझ्या एका पूलमध्ये 'चालू स्लिप' अशीच राहून गेली होती आणि पुढच्या गाडीच्या कामाला आधीच्या गाडीची स्लिप दिसली. मेमरीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली.

टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये हाच प्रकार मोठा होतो. नवीन आवृत्ती चढवली आणि जुन्या आवृत्तीचा एक थ्रेड जरी चालू राहिला, तरी तो जुना क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) धरतो, आणि क्लासलोडर आपले सगळे क्लास. आवृत्ती बदलत गेली की मेटास्पेस, म्हणजे क्लासची माहिती राहते ती मेमरी, फुगत जाते. 'सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर'च्या 'कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइड'मध्ये (आवृत्ती उतरवताना चालणारी मेथड) सगळे एक्झिक्युटर बंद करा. थ्रेड सुरू करून थांबवला नाही अशी तक्रार टॉमकॅट लॉगमध्ये नावानिशी करतो, ती ओळ वाचत जा.

जावा २१ च्या व्हर्च्युअल थ्रेडचा (जेव्हीएमनं सांभाळलेला हलका थ्रेड) स्टॅक मूळ म्हणून धरला जात नाही, हे खरं. पण दर २०० मिलिसेकंदांनी उठणारा थ्रेड उठवण्यासाठी कुणीतरी त्याला धरून असतंच, तेव्हा माझं ते 'व्हाइल ट्रू' तिथंही तसंच चालू राहिलं असतं.

हंगामाआधीची चाचणी

दसऱ्याच्या आसपास, गळीत सुरू व्हायच्या आधी, मी ही चाचणी लावते. हीपची मर्यादा मुद्दाम १२८ एमबी. ८ एमबीचा फोटो धरला तर गळती असेल तेव्हा सोळावी खिडकीही उघडत नाही, वीस तास थांबावं लागत नाही. मग एक छोटा प्रोग्राम ३०० खिडक्या एकामागून एक उघडतो, खोटं वजन दाखवतो, बंद करतो. संपल्यावर 'थ्रेड डॉट प्रिंट'मध्ये 'वजन-दाखव' नावाचे थ्रेड मोजायचे आणि हिस्टोग्राममध्ये वजनाच्या खिडकीचा क्लास. थ्रेडच्या यादीत पूलचा एक, खिडकी शून्य. स्विंग कधी शेवटची खिडकी थोडा वेळ धरून ठेवतं, तेव्हा एक दिसली तर आणखी एक रिकामी खिडकी उघडून बंद करा आणि पुन्हा मोजा. दोन दिसल्या तर डंप घ्या आणि मॅट उघडा.